हौद्याला स्प्रे लायनिंग: दसऱ्यापर्यंत थांबा

प्रश्न: राजेंद्रनगरला आमचं पाइप-अँगलचं छोटं दुकान आहे. गेल्या महिन्यात नवी पिकअप घेतली. माल सांवेर रोडहून येतो; मधल्या वेळात मुलगा चोइथराम मंडीतून कांदा-लसणाच्या गोण्यांचं भाडं मारतो. डाल्याचा, म्हणजे मागच्या हौद्याचा, रंग आत्ताच खरवडला गेलाय. कोणी प्लास्टिकचा ट्रे टाका म्हणतं, कोणी स्प्रे लायनिंग. काय करावं?
– एक वाचक, इंदूर

उत्तर: स्प्रेच करा, पण पाऊस पूर्ण उघडल्यावर.

माझ्या गाडीत मी आधी ट्रेच टाकला होता. दोन पावसाळ्यांनी उचलला, तर खाली ओला चिखल, लसणाची सालं आणि गंजाचे पापुद्रे. हादऱ्यांनी ट्रे हलतो, खालची वाळू रंग घासते, साचलेलं पाणी वाळत नाही. आणि वरून काहीच दिसत नाही, हे सगळ्यात वाईट.

स्प्रे म्हणजे पॉलियुरिया किंवा पॉलियुरेथेन, दोन द्रव मिसळून फवारायचं, घट्ट होणारं प्लास्टिक. तो पत्र्यालाच धरून बसतो, खाली पाणी शिरायला जागा राहत नाही. जाडी ३ मिमी मागा. हौद्याचा तळ ८ बाय ५ फूट धरला, तर नुसत्या तळालाच अकरा लिटर माल लागतो. चार लिटरमध्ये सगळा हौदा करून देतो म्हणणारा नुसता रंग मारणार.

पावसाळा का नको? त्या दोन द्रवांपैकी एकात आयसोसायनेट नावाचं रसायन असतं. त्याला ओल लागली की वायू सुटतो आणि फुगे धरतात. ट्रे काढल्यावर मी श्रावणातच घाईने काम करून घेतलं. फाळक्याच्या बिजागरीपाशी फुगे आले आणि दिवाळीनंतर हातभर पापुद्रा सोलून निघाला. पुन्हा सगळं खरवडताना जो त्रास झाला, तो तुम्हाला होऊ नये.

तयारी स्वतः उभं राहून बघा. आधी तेल-ग्रीस सॉल्व्हंटने पुसायचं, मगच पॉलिशपेपर. उलट केलं तर ग्रीस ओरखड्यांत भरतं. उघड्या लोखंडावर इपॉक्सी प्रायमर. पाणी जायची भोकं बुजू देऊ नका. हुक वेल्ड करायचे असतील तर आधीच करा, नंतर लायनिंग जळतं आणि त्याचा धूर विषारी असतो. फवारणी सुरू झाली की मात्र मुलाला घेऊन लांब जा. ती वाफ फुप्फुसांना वाईट, साध्या कापडी मास्कने अडत नाही.

लायनिंगच्या खरखरीत दाण्यावर अँगल सरकत नाहीत, पण गोण्या ओढताना हमालांचे हाल होतात, पोतीही फाटतात. गोण्यांचं भाडं जास्त असेल तर बारीक दाणा घ्या. वरून जड पाइप आदळला तर पोचा येणारच. लायनिंग रंग वाचवतं, पत्रा नाही.

पाऊस उघडेपर्यंत खरवडलेल्या जागा कोरड्या करून प्रायमर लावा, अँगलखाली जाड रबराचा तुकडा टाका, आणि रोज रात्री तो उचलून हौदा वाळू द्या.