सोडियम आणि पोटॅशियम धातूच्या अ‍ॅनोडला लिथियमवरचाच संरक्षक थर का चालत नाही?

बॅटरीच्या ऋण टोकाला असणाऱ्या लिथियम धातूच्या अ‍ॅनोडवर जे संरक्षक थर उपयोगी पडतात, तेच सोडियम आणि पोटॅशियमवर दिल्यास काम का भागत नाही, असे आपण विचारले आहे. मी याच धातूंवर काम करते, त्यामुळे थोडे सविस्तर लिहिते.

ग्लोव्ह बॉक्समध्ये (निष्क्रिय वायू भरलेल्या हवाबंद पेटीत) सोडियमचा तुकडा कापला की आतला चकचकीत पृष्ठभाग पाहता पाहता मंदावतो. आपोआप बसणाऱ्या या थरावर विसंबता येत नाही, कारण सोडियमचे ऑक्साइड मूळ धातूच्या जेमतेम ५७ टक्के जागा व्यापते आणि पोटॅशियमचे त्याहूनही कमी, त्यामुळे थराला भेगा राहतात आणि खालचा धातू उघडा पडतो. (पोटॅशियमच्या जुन्या तुकड्यावर पिवळी पुटे दिसली तर तो मुळीच कापू नये, ते सुपरऑक्साइड असते आणि कापताना स्फोट होऊ शकतो.)

हा दोष लिथियमच्या ऑक्साइडातही आहे. खरा फरक पडतो तो पुढच्या दोन गोष्टींमुळे. पहिली म्हणजे विद्राव्यता: इलेक्ट्रोलाइटशी (आयन वाहून नेणाऱ्या द्रवाशी) अभिक्रिया होऊन धातूवर जो थर जमतो, त्यातले सोडियमचे क्षार कार्बोनेट द्रावकांत लिथियमच्या क्षारांपेक्षा अधिक विरघळतात, म्हणजे थर झिजत राहतो आणि तो भरून काढण्यात धातू व इलेक्ट्रोलाइट दोन्ही खर्ची पडतात. दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते, आणि ती साध्या गणिताने कळते. प्रति चौरस सेंटिमीटर १ मिलीअँपिअर-तास एवढा विद्युतभार साठवायचा असेल, तर लिथियमचा सुमारे ५ मायक्रोमीटर, सोडियमचा ९ आणि पोटॅशियमचा तब्बल १७ मायक्रोमीटर जाडीचा धातू चढतो आणि उतरतो. धातूवर चढवलेला कृत्रिम थर पुष्कळदा काही डझन नॅनोमीटरच (नॅनोमीटर म्हणजे मायक्रोमीटरचा हजारावा भाग) जाड असतो. लिथियमवर टिकलेला कडक, ठिसूळ थर एवढ्या हालचालीत तडकतो आणि त्या तड्यातूनच डेन्ड्राइट, म्हणजे धातूचे सुईसारखे कोंब, उगवतात.

म्हणून माझे मत असे आहे की आधी इलेक्ट्रोलाइट निवडावा आणि कृत्रिम थराचा विचार मागाहून करावा. २०१५ मध्ये स्टॅनफर्ड येथील गटाने ग्लाइम या ईथर प्रकारच्या द्रावकात सोडियम हेक्झाफ्लुरोफॉस्फेट वापरले, तेव्हा सोडियम ऑक्साइड व सोडियम फ्लोराइडचा एकसंध थर आपोआप तयार झाला आणि चार्ज-डिस्चार्जच्या ३०० आवर्तनांत सरासरी ९९.९ टक्के कुलोम कार्यक्षमता (भरलेल्या विद्युतभारापैकी परत मिळणारा वाटा) मिळाली. कृत्रिम थरांपैकी मला सोडियम ब्रोमाइडचा थर आश्वासक वाटतो, कारण त्याच्या पृष्ठभागावरून सोडियमचे आयन सहज सरकतात आणि धातू एका जागी साचण्याऐवजी पसरत जातो. पोटॅशियमसाठी मात्र कडक थरापेक्षा ताण सोसणारा थर शोधावा.

कोणताही निष्कर्ष वाचताना आवर्तनांच्या संख्येआधी प्रत्येक आवर्तनात किती धातू हलवला आणि सेलमध्ये किती जादा धातू ठेवला होता, हे अवश्य पाहावे. धातूचा जाड पत्रा वापरला की वाया जाणारा धातू त्या साठ्यातून भरून निघतो आणि सदोष थरही दीर्घकाळ चांगला भासतो.