ज्यांचं अंगच विष आहे अशी पात्रं, आणि त्यांना विष पाजणारे

तुम्ही विचारलंय की गोष्टींमध्ये, कॉमिक्समध्ये अशी कोणती पात्रं आहेत ज्यांचं शरीरच दुसऱ्यासाठी विष असतं, आणि माणूस खरंच तसा होऊ शकतो का. मी इंदूरला अकरावी-बारावीच्या मुलांना बायोलॉजी शिकवते आणि हा विषय माझ्या फार जिव्हाळ्याचा आहे, त्यामुळे उत्तर लांबणार.

आपल्याकडे पहिलं नाव विषकन्येचंच घ्यावं लागतं. लहानपणापासून थोडं थोडं विष देत मुलगी वाढवायची, ती मरत नाही पण जो तिला जवळ घेईल तो मरतो, आणि मग तिला शत्रूकडे पाठवायची. यातली सगळ्यात गाजलेली म्हणजे विशाखदत्ताच्या मुद्राराक्षसातली. नंदांचा अमात्य, ज्याचं नावच राक्षस आहे, तो चंद्रगुप्ताला मारायला विषकन्या पाठवतो, चाणक्याला ते कळतं, तो तिला चंद्रगुप्ताऐवजी त्याचा मित्रराजा पर्वतक याच्याकडे वळवतो आणि पर्वतक मरतो. म्हणजे राज्यातला एक वाटेकरी परस्पर गेला, वर आरोप राक्षसावर. चाणक्य किती हुशार ते आपण सगळे ऐकत आलोय. पण तुम्ही नाटक उघडून बघा, ती मुलगी एकदाही रंगमंचावर येत नाही, तिला नाव नाही, एक वाक्य नाही. तिची बातमी दुसऱ्या अंकात राक्षसाला कळते, ती पण गारुड्याच्या वेषात आलेल्या त्याच्या हेराकडून, आणि तेव्हा राक्षसाला काय आठवतं, तर कर्णाने अर्जुनासाठी राखून ठेवलेली शक्ती घटोत्कचावर खर्च झाली तशी माझी विषकन्या पर्वतकावर खर्च झाली. एकाच माणसाला मारणारी, असं विशेषण तिला आहे. म्हणजे ती त्याच्या लेखी अस्त्र आहे, एकदा सोडलं की संपलं. त्या रात्रीनंतर तिचं काय झालं हे कोणी विचारतच नाही. मी कॉलेजात असताना हे वाचलं तेव्हापासून मला या विषयातलं दुसरं काही विचारावंसंच वाटत नाही, विष कोणाच्या अंगात आहे हे सोडा, ते पाजलं कोणी ते सांगा.

हेमचंद्र नावाचे जैन आचार्य, १२व्या शतकातले, त्यांच्या परिशिष्टपर्वात हीच गोष्ट वेगळी येते आणि मला ती जास्त चटका लावते. तिथे पर्वतक नंदाच्या महालातल्या एका मुलीच्या प्रेमात पडतो, ती विषावर वाढवलेली असते, आणि चाणक्य सरळ दोघांचं लग्न लावून देतो. हातात हात घेऊन दोघं अग्नीभोवती फिरताहेत, तळहाताला घाम सुटलाय, आणि त्या घामातून विष नवऱ्याच्या अंगात उतरतं. चंद्रगुप्त उपचाराला धावतो तर चाणक्य त्याला डोळ्याने खूण करून थांबवतो. मी कितीतरी लग्नांत पाणिग्रहण बघितलंय, नवरीचा हात घामेजलेलाच असतो, मेंदीचा रंग नवऱ्याच्या हाताला लागतो, म्हणून हे वाचताना अंगावर काटा येतो.

त्याच ग्रंथात अजून एक आहे. चंद्रगुप्ताला कोणी विष घालू नये म्हणून चाणक्य त्याच्याच जेवणात रोज थोडं थोडं विष मिसळत असतो, सवय व्हावी म्हणून. राणी दुर्धरा, पोटात पूर्ण दिवसांचं बाळ, ती एकदा नवऱ्याच्या ताटात जेवायला बसते आणि मरते. चाणक्य तिचं पोट चिरून बाळ बाहेर काढतो, बाळाच्या डोक्याला विषाचा थेंब लागलेला असतो म्हणून नाव बिंदुसार. याला इतिहास म्हणत नाही मी, ही दंतकथाच आहे, पण बघा ना, इथे विषारी कोण झालाय तर राजा, आणि मेली कोण तर त्याच्या ताटात विश्वासाने जेवणारी बायको. विषकन्येवर एवढं लिहिलं जातं, या राजावर कोणी लिहीत नाही.

वैद्यकाच्या ग्रंथांतही विषकन्या आहे. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात अगदी पहिल्याच अध्यायात, जिथे राजाचं अन्न विषापासून कसं सांभाळायचं ते सांगितलंय, तिथे तिचा उल्लेख येतो. अष्टांगसंग्रहात तर ओळखायच्या खुणा दिल्यात: तिच्या डोक्यातली फुलं कोमेजतात, अंथरुणातले ढेकूण मरतात, कपड्यातल्या उवा मरतात. डोक्यात घातलेली फुलं कोमेजली एवढ्यावरून एखाद्या मुलीवर संशय घ्यायचा, विचार करा.

ही गोष्ट पुढे अरबीतून लॅटिनमध्ये गेली. ॲरिस्टॉटलच्या नावावर खपवलेलं एक पुस्तक मध्ययुगात युरोपभर वाचलं जायचं, त्यात अलेक्झांडरला हिंदुस्थानातून एक सुंदर मुलगी भेट म्हणून येते, विषावर वाढवलेली, आणि गुरू त्याला वेळीच सावध करतो. तिथून ती अमेरिकेत पोचली आणि १८४४ साली नॅथॅनिएल हॉथॉर्नने रॅपाचिनीच्या मुलीची कथा लिहिली, ज्यात अलेक्झांडरवाली गोष्ट एक प्रोफेसर हिरोला ऐकवतो. तुम्हाला एकच काहीतरी वाचायचं असेल तर हेच वाचा. इटलीतल्या पादुआ गावात एक डॉक्टर आहे, त्याने विषारी झाडांची बाग लावलीय आणि स्वतःच्या मुलीला, बिआत्रीसला, त्या बागेतच वाढवलंय. जांभळ्या फुलांच्या एका झाडाला ती बहीण म्हणते. तिच्या श्वासाने किडे मरून पडतात. वरच्या खिडकीतून जोव्हानी नावाचा विद्यार्थी तिला बघतो, प्रेमात पडतो, बागेत जायला लागतो, आणि एक दिवस खोलीतल्या कोळ्यावर फुंकर मारून बघतो तर कोळी मेला, म्हणजे आता तोही विषारी झालाय. मग तो तिला नाही नाही ते बोलतो. प्रोफेसरने दिलेला उतारा तो तिच्या हातात ठेवतो, ती त्याच्या आधी पिते आणि मरते, कारण विषच तिचं जगणं होतं. मरताना बापाला सांगते की लोकांनी मला घाबरण्यापेक्षा माझ्यावर प्रेम केलेलं मला आवडलं असतं, आणि जोव्हानीला विचारते की पहिल्यापासून माझ्यापेक्षा तुझ्यातच जास्त विष नव्हतं का. एवढ्या शतकांत पहिल्यांदा कोणीतरी त्या मुलीला बोलू दिलं असं मला वाटतं, म्हणून मी हॉथॉर्नला फार मानते.

कॉमिक्समध्ये सगळ्यांना माहीत असलेली पॉयझन आयव्ही, बॅटमनची शत्रू, १९६६ मध्ये आली. हिचं चुंबन घेतलं की माणूस गेला. तिची जन्मकथा बऱ्याच वेळा बदललीय पण १९८८ पासून जी जास्त चालते त्यात पण एक प्रोफेसरच आहे, वूडरू नावाचा, जो आपल्याच स्टुडंटवर विषाचे प्रयोग करतो. एक्स-मेन कॉमिक्समधली रोग (Rogue) नावाची नायिका लोक यात धरतात, मी धरत नाही, तिच्या स्पर्शाने समोरच्याची शक्ती आणि आठवणी ओढल्या जातात, ते विष नाही. वन पीस या जपानी कॉमिकमधला मॅगेलन धरायला हरकत नाही, तुरुंगाचा जेलर, फळ खाल्ल्यावर अंगातून विषच वाहतं त्याच्या.

पण सगळ्यात वेगळी आहे डीमन स्लेयर या जपानी कार्टून मालिकेतली शिनोबू. माझी भाची रात्री जागून ते बघून राहिली होती, तिने मला बसवून दाखवलं. (पुढे कथा फुटतेय, बघायचं असेल तर हा पॅरा सोडा.) शिनोबू अंगाने लहान, राक्षसाचं डोकं उडवायची ताकद हातात नाही, म्हणून ती विस्टेरिया नावाच्या फुलवेलीच्या विषाने लढते. बहिणीला मारणारा राक्षस बायकांना खातो हे तिला माहीत असतं. तर ती वर्षभराहून जास्त काळ ते विष स्वतः घेत राहते, पूर्ण अंगात मुरवते, लढते, हरते, आणि तो तिला गिळतो तेव्हा त्याच्या पोटात जे जातं ते नखशिखांत विषच असतं. इथे कोणी अमात्य नाही, बाप नाही, प्रोफेसर नाही. ठरवलं तिने, प्यायली तिने. याचा आनंद मानावा असं नाही, एक तरुण मुलगी मरतेच आहे शेवटी, पण मुद्राराक्षसातल्या त्या बिननावाच्या मुलीपासून इथपर्यंतचं अंतर मला फार मोठं वाटतं.

आता दुसरा भाग, खरंच होतं का. माणसात नाही, पण प्राण्यांत अगदी रोज होतं. इथे रणजीत हनुमानाच्या मंदिरात शनिवारी आकड्याची, म्हणजे रुईची, माळ वाहतात, ती रुई मोकळ्या प्लॉटवर कुठेही उगवते. पान तोडलं की पांढरा चीक येतो, त्यात हृदयावर परिणाम करणारी द्रव्यं असतात, गुरं सहसा तोंड लावत नाहीत. त्याच पानाखाली तुम्हाला काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची, पिवळ्या ठिपक्यांची, पाठीवर काळ्या शिंगांसारखे तंतू असलेली अळी दिसेल, पान कुरतडून राहिलेली. तिचं पुढे प्लेन टायगर नावाचं केशरी फुलपाखरू होतं. रुईतलं विष ती अंगात साठवते, फुलपाखरू झाल्यावरही ते राहतं, पक्ष्याने एकदा चोच मारली की पुढच्या वेळी तो त्या रंगाच्या वाटेला जात नाही. आणि डॅनेड एगफ्लाय म्हणून दुसरं फुलपाखरू आहे, त्याच्या मादीत विष नाही पण तिने हुबेहूब हाच केशरी रंग घेतलाय, त्यावर ती वाचते.

कोलंबियातला सोनेरी विषारी बेडूक, जेमतेम दोन इंचाचा, त्याच्या कातडीतलं विष तिथले एम्बेरा लोक शिकारीच्या बाणांना लावत आलेत. तोच बेडूक माणसांनी पेटीत वाढवला, साधे किडे खायला घातले, तर विषारी होत नाही. न्यू गिनीत पिटोहुई नावाचा पक्षी आहे, त्याची पिसं आणि कातडी विषारी, १९९२ मध्ये शास्त्रज्ञांनी ते सिद्ध केलं, आणि विष त्याच बेडकाच्या जातीचं निघालं. नंतर कळलं की तो खातो त्या बारीक भुंग्यांत ते असतं. म्हणजे जुन्या लोकांनी जे म्हटलं की विषावर वाढलेला देह विषारी होतो, ते तत्त्व चुकलेलं नव्हतं, फक्त माणसाला लागू नाही. आणि या सगळ्यांनी ते स्वतःच्या बचावासाठी घेतलंय, कोणी त्यांना दुसऱ्याला मारायला पाठवत नाही.

माणसाला का नाही? आपलं लिव्हर विष फोडतं, किडनी बाहेर टाकते, बेडकासारखी साठवायची सोय आपल्याकडे नाही. आर्सेनिकसारख्या काहींची थोडी सवय होते पण ते आतून आपल्यालाच खातं, समोरच्याला नाही. सापाचं विष तर प्रोटीन, गिळलं तर पोटात बऱ्यापैकी पचून जातं. टोचलं तर काय होतं तेही बघा: घोड्याला नाग, मण्यार, घोणस, फुरसं यांचं विष थोडं थोडं टोचतात आणि त्याच्या रक्तात विषाविरुद्धची अँटीबॉडी तयार होते, तीच काढून सर्पदंशाचं इंजेक्शन बनवतात. विषकन्येची सगळी रेसिपी तीच आहे, रोज थोडं, हळूहळू वाढवत, आणि त्यातून तयार होतं ते औषध. वर्गात हे सांगितलं की मागच्या बाकांवरची पोरं पण मान वर करतात.

एक खरी परिस्थिती मात्र आहे जिथे माणसाचं शरीर काही काळ दुसऱ्याला धोक्याचं होतं. थायरॉइडच्या कॅन्सरमध्ये ऑपरेशननंतर बऱ्याच जणांना रेडिओॲक्टिव्ह आयोडीन देतात, त्याची ताकद साधारण आठ दिवसांत निम्मी होते. माझ्या मावशीला दिलं होतं. ताट-वाटी वेगळी, बाथरूम वेगळं, सुनेला दिवस गेलेले म्हणून तिने त्या खोलीकडे फिरकायचंच नाही, नातवाला पण लांब ठेवायचं. नातू दारात उभा राहून रडत होता की आजी मला घेत का नाही, आणि मावशी त्याला पलंगावरूनच श्रावणबाळाची गोष्ट सांगत होती, मोठ्या आवाजात, कारण जवळ बोलावता येत नव्हतं. काही दिवसांनी डॉक्टरांनी मोकळं केलं, आता ती ठणठणीत आहे. पण बिआत्रीसचं ते घाबरण्यापेक्षा प्रेमाचं वाक्य मला त्या खोलीच्या दारात जेवढं कळलं तेवढं पुस्तकात नव्हतं कळलं.

तर वाचायचा क्रम सांगते. आधी हॉथॉर्न, छोटी कथा आहे, एका बैठकीत होते, मग मुद्राराक्षसाचे पहिले दोन अंक, मग परिशिष्टपर्वातला चाणक्याचा भाग. आणि जमलं तर पावसाळ्यानंतर जवळच्या रुईची पानं उलटून बघा, अळी सापडेलच. तिला तिथेच राहू द्या, चीक हाताला लागला तर डोळे चोळू नका, आधी हात साबणाने नीट धुवा.