घर कामठीकडे का सरकलं?

प्रश्न : हॅम म्हणजे हौशी रेडिओत नवीन आहे, घर नागपुरात. एपीआरएस (रेडिओवरून आपलं ठिकाण आणि छोटे मेसेज पाठवायची पद्धत) ट्रॅकर जोडला, बीकन (ठिकाण सांगणारा, आपोआप जाणारा संदेश) जातोय, नकाशावर माझं कॉलसाइनही (रेडिओवरची माझी ओळख) दिसतं, पण घर बारा-तेरा किलोमीटर लांब, कामठीच्या बाजूला दाखवतंय. सेटिंगचा फोटो सोबत पाठवलाय. ट्रॅकर परत करू का?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : अहो परत बिरत काही करू नका, ट्रॅकर ठणठणीत आहे. फोटो पाठवलात ते फार बरं केलंत, त्यात २११५.०० आणि ०७९०९.०० दिसतंय, म्हणजे तुम्ही फोनच्या नकाशातून २१.१५ आणि ७९.०९ उचललंत आणि तसंच टाकलंत. गोची तिथेच आहे. फोन दाखवतो ते दशांशातले अंश, एपीआरएसला हवे असतात अंश आणि मिनिटं, म्हणून ते २११५.०० ला २१ अंश १५ मिनिटं समजलं. .१५ ला ६० ने गुणा, ९ मिनिटं येतात, .०९ ची ५.४, म्हणून टाकायचं २१०९.०० उत्तर आणि ०७९०५.४० पूर्व. अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे साधारण १.८५ किलोमीटर, तुमची सहा मिनिटं जास्त पडली की घर ११ किलोमीटर उत्तरेला गेलंच, वर थोडं पूर्वेलाही. गाडीत जीपीएस जोडलेला असला की ही भानगड नसते, घरच्या स्टेशनला आकडे हाताने टाकतो म्हणून असं होतं.

आणि त्याच फोटोत बीकन दर ३० सेकंदांनी लावलेला दिसतोय, तो कृपा करून आजच बदला. भागातल्या सगळ्यांची मिळून एकच फ्रिक्वेन्सी, स्पीड १२०० बॉड म्हणजे अगदी संथ, त्यात डिजिपीटर (ऐकलेलं पुन्हा हवेत सोडणारं स्टेशन) तुमचं पॅकेट, म्हणजे तो छोटा संदेश, ऐकून परत सोडतो, तेवढ्यात घाटात कुणाची हँडी (हातातला रेडिओ) बोलली तर दोन्ही पॅकेट एकमेकांवर आदळून वाया जातात. घर जागचं हलत नाही, अर्ध्या तासाने एकदा पुरे.

प्रश्न : मुलगा म्हणतो लोकेशन तर व्हॉट्सअॅपवरच शेअर होतं, मग एपीआरएसचा हा खटाटोप कशाला?
— एक वाचक, सातारा

उत्तर : कारण व्हॉट्सअॅपला टॉवर लागतो, इथे रेडिओ थेट रेडिओशी बोलतो. अमेरिकेतल्या नेव्हल अकॅडमीचे बॉब ब्रुनिंगा यांनी १९८४ मध्ये कमोडोर व्हिक-२० या घरगुती संगणकावर एपीआरएसची एक सुरुवातीची आवृत्ती केली, ती १०० मैलांच्या घोड्यांच्या शर्यतीत कुठला घोडा कुठे पोचला ते कळवायला. २०२२ मध्ये ते गेले, पण याला नुसता गाडी शोधायचा ट्रॅकर समजू नका हे त्यांनी आयुष्यभर सांगितलं, आणि मला ते शंभर टक्के पटतं. छोटे मेसेज जातात, हवामान जातं, 'पूल पाण्याखाली' अशी खूण कुणीही नकाशावर ठेवू शकतो आणि ती आसपासच्या सगळ्यांच्या स्क्रीनवर उमटते. अर्थात दरीत उतरलात आणि वर डोंगरावर ऐकणारा डिजिपीटर नसेल तर काहीच जाणार नाही, आणि इंटरनेटच्या नकाशावर दिसायला मध्ये कुणीतरी आयगेट, म्हणजे रेडिओवर ऐकलेलं इंटरनेटवर टाकणारं स्टेशन, चालवत असावा लागतो. इथे काही लपलेलं नसतं हेही मुलाला सांगा, तुम्ही कुठे आहात ते कुणीही बघू शकतं, नको असेल तेव्हा बीकन बंद ठेवायचा.

प्रश्न : आमच्या तालुक्यात एकही डिजिपीटर नाही. नुसतं ऐकून तरी बघता येईल का?
— एक वाचक, सिंधुदुर्ग

उत्तर : येईल की. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावरचा डिजिपीटर १४५.८२५ मेगाहर्ट्झवर चालतो, तो सुरू असेल आणि स्थानक डोक्यावरून जात असेल तेव्हा रेडिओ त्यावर लावून, स्क्वेल्च (सिग्नल नसताना आवाज बंद ठेवणारी सोय) उघडा ठेवून अंगणात उभे राहा. सात-आठ मिनिटं मिळतात, मधूनमधून खरखरीत 'ब्रर्रप' ऐकू आलं की तेच पॅकेट.