उघड्यावर उभ्या असलेल्या लहान विमानाच्या पंखावरचं फ्रॉस्ट, म्हणजे गारठ्यात धरलेला बर्फाचा पातळ खरखरीत थर, टेकऑफच्या वाऱ्याने उडून जात नाही का?

नाही जात. वर भुरभुरीत बर्फ असेल तर तो एकवेळ जाईल, पण त्याच्याखाली पत्र्याला चिकटलेलं फ्रॉस्ट तिथेच राहतं आणि नेमकं तेच नडतं. तुमचा भाऊ कॅनडात ट्रेनिंगला आहे आणि रोज सकाळचा तासभर विमान पुसण्यात वाया घालवतो, असं तुम्ही लिहिलंय. ते वाचून राहवलं नाही.

मी कॅनडातल्याच मॅनिटोबात विमान चालवायला शिकले. शाळेचं हँगर, म्हणजे विमानं ठेवायची शेड, एकच, तेही दुरुस्तीच्या विमानांनी भरलेलं. आमची छोटी सेस्ना १७२ विमानं बाहेर दोरांनी बांधलेली. बर्फ पडला की निदान दिसतो. खरी पंचाईत निरभ्र रात्रीची. ढग नसले की पंखाची वरची बाजू उष्णता सरळ आकाशाकडे सोडत राहते आणि भोवतालच्या हवेपेक्षाही गार पडते. हवा शून्याच्या दोन अंश वर असतानाही फ्रॉस्ट धरू शकतं. त्यात १७२चे पंख डोक्यावर, खालून पाहिलं तर सगळं छान. शिडीवर चढून, हातमोजा काढून तळहात फिरवल्याशिवाय काही कळत नाही.

त्या दिवशी माझी सोलो क्रॉस-कंट्री, म्हणजे एकटीने लांबवर करायची फ्लाइट, होती आणि तळहाताला खरखर लागली. शाळेकडे विंग कव्हर्स विमानांपेक्षा कमी, माझ्या विमानाच्या वाट्याला आलीच नव्हती. झाडूने वरवरचं निघालं. मग दोन बाजूंनी दोघांनी धरून पंखावरून दोर पुढे-मागे ओढला. तरीही पातळ थर राहिलाच. एक सीनिअर म्हणाला, "घासून गुळगुळीत झालंय ना? मग जा." अमेरिकेत असं घासलेलं फ्रॉस्ट २०१० पर्यंत नियमात बसत होतं, तिथली ही सवय. कॅनडात पंखाला, शेपटीला, प्रोपेलरला काही चिकटलेलं असताना टेकऑफ करता येत नाही. शेवटी विमान उन्हाकडे वळवलं. थर वितळला, पाणी ओघळत मागे एलेरॉनच्या, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेला हलणाऱ्या फळीच्या, बिजागरीत शिरलं आणि तिथल्या सावलीत परत गोठलं. कंट्रोल फिरवला तर अडकायला लागला! ते मोकळं करून सुकवेपर्यंत डिसेंबरचा तो एवढासा दिवस कलला. फ्लाइट रद्द केली, शाळेने पैसे कापले.

घरी फोन केला. गिरगावचे काका माझ्या कर्जाला जामीन. तेव्हापासून दर गणपतीत आरती झाली की सगळ्यांसमोर तेच: "पंखावर दव पडलं म्हणून आमची पायलट जमिनीवर बसली." वर दाखला असा की २२ जानेवारी १९६२ला सांताक्रूझला ७.४ अंश होतं, तरी ते सकाळच्या शाळेत गेले होते. मुंबईचा नीचांक आहे तो, मान्य. पण ७.४ अंशांना पाणी गोठत नाही, काका.

त्यांचा दुसरा आवडता प्रश्न, "असं किती किलो असतं ते?" वजनाचा संबंधच नाही. पंखावरची हवा बिघडते. मध्यम किंवा जाड सँडपेपरइतका खडबडीत थर लिफ्ट, म्हणजे विमान उचलून धरणारा जोर, ३० टक्क्यांपर्यंत कमी करू शकतो आणि ड्रॅग, म्हणजे हवेचा मागे ओढणारा जोर, ४० टक्क्यांपर्यंत वाढवू शकतो. स्टॉल, म्हणजे पंखाने विमान उचलून धरणं सोडणं, लवकर होतो. त्याचा इशारा देणारी स्टॉल वॉर्निंग स्वच्छ पंखाच्या हिशेबाने लावलेली असते, त्यामुळे ती वाजायच्या आतच विमान पडू शकतं.

मी त्यांना ड्रायडनच्या विमान अपघाताचं उदाहरण दिलं. कॅनडातलं ऑन्टारिओ, १० मार्च १९८९, फोकर एफ-२८ हे प्रवासी जेट. विमानातलं एपीयू, म्हणजे इंजिन सुरू करून देणारं छोटं जादा इंजिन, नादुरुस्त, विमानतळावर इंजिन पुन्हा सुरू करून द्यायची सोय नाही, म्हणून इंजिन बंद करता येईना. इंजिन चालू असताना त्या विमानाचं डी-आयसिंग, म्हणजे फवारा मारून बर्फ काढणं, करायला मनाई. बर्फ पडत होता, उशीर झाला होता, निघाले. ६९ पैकी २४ जण दगावले. न्यायमूर्ती मोशान्स्कींच्या चौकशी आयोगाने एकट्या पायलटवर खापर फोडलं नाही. कंपनी आणि सरकारी यंत्रणा दोघांनाही धरलं. काका म्हणाले, "ते जेट, तुझं खेळणं." अहो, या खेळण्याला तर पंख तापवायची सोय नाही आणि इंजिनात जादा ताकदही नाही.

भावाला सांगा, कव्हर्स आदल्या रात्रीच घालायची. उघड्यावर गरम पाणी ओतायचं नाही, बिजागरीत जाऊन गोठतं. काच खरवडायची नाही, ती काच नसून अ‍ॅक्रिलिक असते, ओरखडे कायमचे. वेग आणि उंची दाखवणाऱ्या यंत्रांना हवा पोचवणारी पिटो नळी आणि स्टॅटिक पोर्टची भोकं, इंधनाच्या टाकीत हवा घेणारं फ्युएल व्हेंट आणि स्टॉल वॉर्निंग हात लावून तपासायचं. गरम हँगर मिळालं तर उत्तमच, पण पूर्ण कोरडं झाल्यावरच बाहेर काढायचं. बाकी त्या विमानाचं हँडबुक आणि त्याचा इन्स्ट्रक्टर सांगेल ते माझ्यापेक्षा वरचं.

आता खरं सांगायचं तर तेवढ्या थरावर १७२ त्या दिवशी उडालीही असती. लांब रनवे, एकटी मी, गार आणि जड हवा. अनेक जण असे उडतात आणि परतही येतात. काकांना हे मी अजून सांगितलेलं नाही, सांगणारही नाही.

भावाने कव्हर्ससाठी पैसे मागितले तर द्या. मी मागितले तेव्हा काका म्हणाले होते, "विमान शाळेचं, मग कव्हर तू का घ्यायचं?" प्रश्न बरोबर होता, पण तो त्यांनी शाळेला विचारायचा होता.