दोन एकरांवर फळवन (जंगलासारखी मिश्र फळबाग) करायचंय, पण त्याचा आराखडा करणारा डिझायनर झाडांची यादीच देत नाही. हे बरोबर आहे का?

हो, बरोबर आहे. पहिल्या भेटीत यादी देणाऱ्यापेक्षा मे महिन्यात विहिरीला किती पाणी उरतं हे विचारणारा डिझायनर बरा. बीड-लातूरकडे मी हेच काम करतो. आपली भारी काळी माती पावसाळ्यात पाणी साचून चिबडते, उन्हाळ्यात भेगाळते. हौसेनं लावलेल्या पपईची मुळं तिथं कुजतात. हातभर खाली मुरूम लागला तर सीताफळ, बोर, आवळा धरतात. म्हणून आधी खड्डा खणून बघायचा, उताराला आडवे चर, बांधावर गिरिपुष्प (हिरवळीच्या खताचं झाड), मग फळझाडं. पाणी कोण घालणार हेही त्यानं विचारावं (बहुतेक घरी आईच घालते, आणि तिला आधी शेवगा-भाजीपाला हवा असतो). मात्र मृगाआधी आराखडा हातात पडला नाही, तर पैसे थांबवा.