वाचकांचे प्रश्न : यादीत नाव आहे, खात्यात पैसे नाहीत

प्रश्न : सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत आमचे सोयाबीन पाण्याखाली गेले. पंचनामा झाला, सरकारी मदतीच्या यादीत नाव आले, यादीतील आमचा विशिष्ट क्रमांक घेऊन सेवा केंद्रावर ई-केवायसीही केली. तहसीलमधून ‘रक्कम गेली’ असे सांगतात, मात्र जिल्हा बँकेच्या पासबुकात एक रुपयाची नोंद नाही. सातबारा दोघा भावांच्या नावे सामाईक आहे. – एक शेतकरी, परंडा (जि. धाराशिव)

उत्तर : तहसीलचे म्हणणे खरे असण्याची शक्यता बरीच आहे. ही रक्कम आधार क्रमांकाच्या आधारे थेट जमा होते, म्हणजे आपण तलाठ्याकडे कोणत्या पासबुकाची झेरॉक्स दिली यापेक्षा आपला आधार सध्या कोणत्या बँकेशी थेट लाभासाठी संलग्न आहे, यावर ती कोठे जाणार हे ठरते. पूर्वी कधी जनधन किंवा गॅस अनुदानासाठी दुसऱ्या बँकेत खाते उघडून आधार जोडला असेल, तर पैसे तिकडे पडून असतील. आधारच्या संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग’ची, म्हणजे आधार कोणत्या बँकेशी जोडलेला आहे याची, स्थिती पाहावी आणि त्या खात्याचा उतारा काढावा. तेथेही नोंद नसेल, तर विशिष्ट क्रमांकासह तहसीलच्या नैसर्गिक आपत्ती शाखेत लेखी अर्ज द्यावा व पोच घ्यावी. तोंडी चौकशीला तोंडीच उत्तर मिळते, हा सर्वांचाच अनुभव आहे.

सातबारा सामाईक असताना सहहिस्सेदाराचे संमतीपत्र नसल्यामुळेही रक्कम अडकते, तेव्हा भावाचे संमतीपत्र दिलेले आहे ना, हे तपासावे. आधारशी जोडलेले बँक खाते सापडले आणि बँकेने रक्कम परस्पर पीककर्जात वळती केली असे दिसले, तर हरकत घ्यावी, कारण मदतीच्या रकमेतून कर्जवसुली करू नये, असे शासनाचे आदेश असतात.

किती मिळेल, हेही स्पष्ट असावे. पिकाचे ३३ टक्के किंवा त्याहून अधिक नुकसान झाल्यास कोरडवाहूसाठी हेक्टरी ८,५००, बागायतीसाठी १७,००० आणि बहुवार्षिक पिकांसाठी २२,५०० रुपये, तेही २ हेक्टरपर्यंत, हा आपत्ती निधीचा मूळ दर आहे. ऑक्टोबर २०२५ च्या पॅकेजमध्ये राज्याने ही मर्यादा ३ हेक्टर केली आणि रब्बीच्या बियाण्यांसाठी व इतर खर्चासाठी हेक्टरी १०,००० रुपये वेगळे जाहीर केले. या रकमा एकाच वेळी येत नाहीत, त्यामुळे पहिला हप्ता पाहून हिशेब चुकला असे समजू नये. मुळात ही निविष्ठा मदत आहे, म्हणजे पुढच्या पेरणीला लागणारा आधार. गेलेल्या पिकाची किंमत तिच्यात धरलेलीच नाही. लोकांच्या बोलण्यात आणि पुढाऱ्यांच्या भाषणात तिला सर्रास ‘नुकसानभरपाई’ म्हटले जाते आणि अपेक्षाभंगाची सुरुवात तेथून होते.

प्रश्न : आम्ही मेंढपाळ. नावावर शेती नाही. पुरात मेंढ्या दगावल्या तर मदत मिळते का? – एक वाचक, करमाळा

उत्तर : मिळते; पशुधनाच्या मदतीला सातबारा लागत नाही. मेंढी किंवा शेळीस ४,०००, दुधाळ गाय-म्हशीस ३७,५००, बैलास ३२,००० रुपये असा दर आहे. चार हजारांत बाजारात धड मेंढी येत नाही, हे खरे. परंतु तेवढेही बहुधा कागदाअभावी बुडतात. मृत जनावर पुरण्यापूर्वी पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांकडून शवविच्छेदन आणि तलाठ्याकडून पंचनामा करून घ्यावा, फोटो काढून ठेवावेत. कळप गावाबाहेर चरायला गेलेला असेल, तर जेथे घटना घडली तेथील तलाठ्यालाच कळवावे. वीज पडून जनावर दगावल्यासही महसूल खात्याकडूनच मदत मिळते. लांडग्याने किंवा बिबट्याने मेंढी मारली असेल तर मात्र तहसीलमध्ये हेलपाटे घालू नयेत. ती भरपाई वन विभाग देतो आणि वनरक्षकाला लगेच कळवावे लागते.