छायाचित्राखालची ओळ

प्रिय विद्यार्थिमित्रास,

अनेक आशीर्वाद. पुण्यात मुठेच्या काठावर तू काढलेली छायाचित्रे आणि सोबतचे लांबलचक पत्र मिळाले. नदीत पाणी कमी आणि सांडपाणी अधिक, ओंकारेश्वर आणि लकडी पूल सगळ्यांचे टिपून झाले, पेशवाई पुस्तकांत लिहून झाली. मग आपण नवे काय दाखवणार, त्यापेक्षा वाईच्या घाटांकडे वळावे का, असे तू विचारतोस. वाईला अवश्य जा, पण मुठेला कंटाळून जाऊ नकोस. तुझ्या कामात विषयाची उणीव नाही. एकाही छायाचित्राखाली तू जागा, दिशा आणि तारीख लिहिलेली नाहीस, ही उणीव आहे.

तुला हे कारकुनी काम वाटेल. भिडे पूल पाण्याखाली गेल्याचे तुझे छायाचित्र घे. चौकट उत्तम साधली आहे. पण ते कोणत्या दिवसाचे? शहरातून वाहणाऱ्या मुठेचे पाणी खडकवासला धरणाच्या दरवाजांच्या हाती आहे. त्याच्या वर पानशेत, वरसगाव आणि टेमघर ही धरणे आहेत आणि एरवीचे पाणी कालव्याने शेताकडे आणि नळाने आपल्याकडे जाते. तारीख असेल, तर त्या दिवशी किती क्युसेक (सेकंदाला घनफूट) विसर्ग होता हे वर्तमानपत्रात सापडते आणि किती पाण्याला पूल बुडतो याचा तुझ्याजवळ पुरावा राहतो. तारीख नसेल, तर ते पावसाळ्याचे एक देखणे चित्र, आणि तशी चित्रे या शहरात ढिगाने आहेत.

माझ्या या हेकटपणाला कारण आहे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे अपुरे धरण फुटले, त्या लोंढ्याने खडकवासल्याचेही धरण फुटले आणि काठच्या पेठांत पाणी शिरले, हे तुला ठाऊक आहे. एका परिचितांच्या निधनानंतर त्यांच्या घरच्यांनी त्या पुराच्या छायाचित्रांची पेटी माझ्या स्वाधीन केली. ढासळलेल्या भिंती, चिखलातली भांडी, गच्चीवर बसलेली माणसे; कशाच्याही मागे एक अक्षर नाही. पुलाच्या कमानींवरून काही जागा ओळखल्या. उरलेली छायाचित्रे घेऊन मी गोखलेनगर आणि सहकारनगर या भागांत, जिथे पूरग्रस्तांची घरे झाली, तिथल्या वृद्धांकडे हिंडलो. एकाच पडक्या भिंतीला दोघांनी आपापला वाडा म्हणून ओळखले आणि दोघांच्याही डोळ्यांत पाणी आले. खरा वाडा कोणाचा, हे मला अजून ठरवता आलेले नाही, आणि आता ठरवू शकणारे कोणी उरलेले नाही. मागच्या बाजूला पेन्सिलीने चार शब्द असते, तर एका कुटुंबाला आपले घर परत दिसले असते. म्हणून सांगतो: जागा, दिशा, तारीख.

तू म्हणतोस की इतिहास पुस्तकांत आहे. आहेच, पण पुस्तकातले कोणते पान उघडायचे, हे ती ओळ लिहिताना कळते. मुळा-मुठेच्या संगमाच्या छायाचित्राखाली ‘संगम’ एवढेच लिहून भागत नाही. कोणत्या काठावरून, कोणत्या नदीकडे तोंड करून, हे लिहायला गेलास की नकाशा उघडावा लागतो, आणि नकाशा उघडलास की इथे इंग्रजांची रेसिडेन्सी, म्हणजे पेशव्यांच्या दरबारातल्या त्यांच्या वकिलाची कोठी होती, ५ नोव्हेंबर १८१७ रोजी तो वकील एल्फिन्स्टन ती सोडून खडकीच्या बाजूला गेला आणि त्याच दिवशी ती जळाली, हे समोर येते. बंडगार्डनच्या जुन्या पुलावरच्या सिंहांचे छायाचित्र प्रत्येक जण काढतो. जवळच्या बंधाऱ्याकडे वळून किती जण पाहतात? बागेला ज्याच्यावरून नाव पडले तो हा बंधारा सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीतून झाला. ओंकारेश्वराच्या आवारात वसईच्या विजेत्या चिमाजी अप्पांची समाधी आहे. तुझ्या मंदिराच्या छायाचित्रांत ती चौकटीबाहेर राहिली आहे, कारण तुला शिखरावरचा उजेड हवा होता. उजेड उद्याही येईल.

काठ मात्र आहे तसा राहणार नाही. मुळा, मुठा आणि मुळा-मुठेच्या ४४ किलोमीटर काठाच्या विकास प्रकल्पाचे भूमिपूजन २०२२ मध्ये झाले, आणि जिथे काम सुरू झाले तिथले काठ ओळखू येईनासे झाले आहेत. त्याबद्दल तुझी मते तीव्र आहेत आणि मला ती आवडतात. पण छायाचित्राखालच्या ओळीत मत घालू नकोस. मत लेखात मांड. पन्नास वर्षांनी वाद विझलेला असेल आणि कोणी तरी फक्त एवढेच विचारेल की पायऱ्या नेमक्या कुठपर्यंत होत्या.

एका प्रदर्शनाच्या संयोजकांनी मला सांगितले होते की या ओळींमुळे चित्रांचा परिणाम बिघडतो. मी चित्रे उतरवून घरी आणली. तेव्हा मला आडमुठा म्हणणाऱ्यांत माझे जवळचे मित्रही होते, आणि मी त्यांचे आजही ऐकणार नाही.

नवी लेन्स घेऊ नकोस, एक वही घे. या छायाचित्रांच्या नोंदी आधी पुऱ्या कर, मगच घरी ये. नोंदीवाचून आणलीस तर मी पाहणार नाही, चहा मात्र मिळेल. तारखा आठवत नसतील तर कॅमेऱ्याच्या फाइलीत त्या नोंदलेल्या असतात. पण कॅमेऱ्यातले घड्याळ तू बरोबर लावले होतेस का, हे आधी तपासून कळव.